ऊब आणि आडोसा

तळवड्यात लोकरीला तसं काही काम नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, ते काही आठवडे सोडले तर अंगावर लोकर घ्यावी अशी वेळ वर्षभरात येत नाही. तरीही ज्या घरांत विणायच्या सुया आहेत, तिथे त्या बाहेर निघतात पावसाळ्यात. आषाढात झड लागते, देहू-आळंदी रस्त्यावर पाणी साचतं, त्रिवेणीनगरच्या चौकात कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर एकमेकांत अडकून बसतात, आयटी पार्कातली मंडळी ‘आज घरूनच’ असं कळवून मोकळी होतात आणि दुपारी केव्हातरी वीज जाते. मग घरात जी कामं उरतात त्यांना खिडकीतला उजेड आणि दोन हात पुरतात. विणकाम त्यांतलं एक. नुसत्या सुलट टाक्यांची वीण असेल तर उजेडही फारसा लागत नाही.

घरात कुत्री असली की पावसाळी दिवसाला आणखी एक वेळापत्रक मिळतं आणि ते आपल्या हातात नसतं. आमच्याकडे दोन आहेत. चिंगी रस्त्यावरून आलेली, गावठी. ब्रूनो लॅब्रॅडॉर, बदली होऊन परगावी गेलेल्या एका कुटुंबाने मागे ठेवलेला. चिंगी पावसात पाऊल बाहेर टाकत नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून आभाळाचा अंदाज घेते आणि सगळं तसंच पोटात धरून परत वर येते. ब्रूनो डबकं दिसलं की त्यात बसतो. लोक याला स्वभाव म्हणतात, पण यात स्वभावापेक्षा कातडीचा हिशेब जास्त आहे. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर गार पाण्यात उतरत, जाळी ओढायला मदत करत. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा तेलकट, आतला मऊ आणि दाट. पाणी सहसा कातडीपर्यंत पोचत नाही. गावठी कुत्र्याचे केस आखूड, आतला थर जवळजवळ नाहीच. ते शरीर उन्हासाठी घडलेलं आहे. म्हणून एप्रिलमध्ये ब्रूनो न्हाणीघराच्या फरशीवर पसरून धापा टाकत असतो आणि चिंगी गच्चीवर ऊन खात असते. जुलैत पारडं उलटतं, एवढंच.

पावसाळी घराचं काव्य फार झालं आहे, म्हणून त्याचं गद्यही सांगून टाकते. जुन्या टॉवेलांचा ढीग दाराशी, पंजांच्या बोटांमधली ओल रोज पुसायची, नाहीतर तिथे चिघळतं. कानामागे आणि शेपटीखाली गोचीड चाचपायचे. दोरीवरचं काहीच वाळत नाही, त्यामुळे घरभर ओल्या कुत्र्याचा वास आणि त्यात ओल्या लोकरीचा वास मिसळलेला. हे दोन वास एकमेकांच्या नात्यातलेच. दोन्ही प्राण्यांचे केस. आणि लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं जे गोजिरवाणं जनावर कॅलेंडरावर दिसतं ते मांजर असतं. कुत्र्याला गुंडा मिळाला तर तो चावून गिळायला बघतो आणि मग जनावरांच्या डॉक्टरकडे पळावं लागतं.

तर अशा एका झडीच्या दिवशी शेजारची मुलगी मला म्हणाली, “काकू, चिंगीला एक स्वेटर विणा ना. बिचारी कुडकुडतेय बघा.” तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, चिंगी कुडकुडत होती. पण स्वेटर हा त्यावरचा उपाय आहे का, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

स्वेटर ऊब देत नाही. आपण बोलताना तसं म्हणतो, पण स्वेटरमध्ये ऊब नसतेच. लोकरीच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ती हवा शरीरातून बाहेर पडणारी उष्णता धरून ठेवते. ऊब ज्याची त्याचीच असते, कपडा फक्त ती पळू देत नाही. कुत्र्याच्या शरीराचं तापमान माणसापेक्षा दीड-दोन अंशांनी जास्त असतं, त्यामुळे पावसाळी दुपारी मांडीवर स्वेटरची पाठ आणि पायांवर कुत्रं असेल, तर त्या खोलीत ऊब देणारी वस्तू कुठली हे उघड आहे. पाठ अजून कोणाच्याच अंगावर गेलेली नाही. कुत्रं मात्र आल्यापासून भट्टी चालवत असतं.

याला एक अपवाद आहे आणि तो नेमका पावसाशी संबंधित आहे. खरी लोकर हवेतली ओल शोषून घेते, स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, तरीही हाताला भिजल्यासारखी लागत नाही. ही ओल शोषताना तंतूंमधून थोडी उष्णता बाहेर पडते. प्रमाण फार नाही, पण कोरड्या खोलीतून दमट हवेत गेलेल्या माणसाला ते जाणवू शकतं. म्हणजे लोकर स्वतःहून काही देते ती बर्फात नव्हे, ओलाव्यात. आता यातली गंमत अशी की आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं, लुधियानाहून येणारे ते रंगीबेरंगी गुंडे, त्यातलं बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. ते पेट्रोलियमपासून बनतं, ओल जवळजवळ शोषत नाही, मशीनमध्ये धुता येतं, टोचत नाही, कसर लागत नाही आणि स्वस्त पडतं. विणायला मी तेच वापरते, त्याबद्दल नाक मुरडायचं कारण नाही. पण पावसात भिजलेला अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर अंगावर असलेलं कुत्रं उघड्या कुत्र्यापेक्षा वाईट अवस्थेत असतं. पाणी केसांपाशी धरून ठेवलं जातं, अंग झटकता येत नाही आणि शरीराची उष्णता ते पाणी सुकवण्यात खर्ची पडते. पावसाळ्यात कुत्र्याला हवी असते कोरडी जागा. अंगावर चढवायची वस्तू तिची जागा घेऊ शकत नाही.

लोकर, कुत्रं आणि पाऊस या तिघांना एकत्र आणणारी कल्पना आपल्याला परदेशी वाटते. शेकोटी, बाहेर बर्फ, आरामखुर्चीत विणणारी बाई, पायाशी केसाळ कुत्रा. प्रत्यक्षात दख्खनच्या पठारावर हे तिन्ही एकाच जगण्यात शतकानुशतकं होते, फक्त त्याला भिंती नव्हत्या. मी धनगरांबद्दल बोलते आहे.

धनगरांचं वर्ष पावसाने आखलेलं असतं. दख्खनी मेंढीला ओल सोसत नाही. चिखलात तिची खुरं सडतात, अंगावरची लोकर भिजून जड होते, पिल्लं दगावतात. म्हणून पारनेर, शिरूर, फलटण, माण अशा कोरड्या भागांतले धनगर पावसाळा आपल्या कमी पावसाच्या मुलखात काढतात आणि दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात. काही मावळापर्यंत येतात, काही घाट उतरून कोकणात जातात. वाटेत शेतकऱ्यांच्या कापणी झालेल्या रानात मेंढरं बसवतात. रात्रभराच्या लेंड्या-मुताचं खत शेताला मिळतं आणि बदल्यात धान्य किंवा पैसे. मृगाच्या आत परतायचं. पुण्यात राहून धनगरांच्या देवांचा अभ्यास करणारे जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी या वाटा आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांच्या वाटा एकमेकांत कशा गुंतल्या आहेत ते दाखवलं. देवही या लोकांबरोबर मुक्काम हलवत आले.

या जगण्यात घोंगडी हा मध्यवर्ती कपडा. काळ्या मेंढीची जाडीभरडी लोकर वर्षातून दोनदा कातरायची, पिंजायची, बायकांनी सूत कातायचं, सणगरांनी खड्डामागावर विणायचं, चिंचोक्याची खळ लावून कुंच्याने सारखं करायचं. ही घोंगडी टोचते. नव्या घोंगडीवर उघड्या अंगाने झोपून पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. पण तिच्यात मेंढीच्या अंगचा तेलकटपणा उरलेला असतो, रिमझिम पाऊस वरच्या वर ओघळतो आणि जी ओल आत जाते तिच्यातून वर सांगितलेली ती थोडी उष्णता मिळते. पावसात धनगर घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो. एक टोक दुमडून टोपीसारखं, बाकीचं पाठीवर. हात मोकळे राहतात, त्यात काठी धरता येते. तीच घोंगडी रात्री अंथरूण, दिवसा बसकर, बाजारात गाठोडं, पंचायतीत बैठक, देवापुढे गादी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत खांद्यांवर जेवढ्या घोंगड्या दिसतात तेवढ्या एका ठिकाणी आता क्वचितच दिसत असतील.

आणि कुत्रं. धनगराच्या वाड्यावरचं कुत्रं लाडाचं नसतं. रात्री लांडगा येतो, त्याच्यासाठी ते ठेवलेलं असतं. काही ठिकाणी त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असायचा, लांडग्याने मानेला धरू नये म्हणून. भाकरीचा वाटा ठरलेला, झोपायची जागाही ठरलेली, मेंढरांच्या कडेला, वाऱ्याच्या दिशेला. खंडोबाच्या मूर्तीजवळ घोडा असतो तसा कुत्राही असतो. जेजुरीच्या वाघ्यांमध्ये देवाचं कुत्रं होऊन भुंकण्याची आणि कोटंब्यातलं अन्न तसंच तोंडाने खाण्याची प्रथा होती. बाणाईसाठी खंडोबा धनगराघरी चाकर राहिला, त्याने मेंढरं राखली, अशी कथा आहे. देवाला माणसात यायचं असेल तर मेंढरं आणि कुत्री राखत यावं लागतं, असं ज्या समाजाला वाटलं, त्या समाजात कुत्र्याचं स्थान काय होतं ते वेगळं मांडायला नको. ते स्थान प्रेमाचं होतं असं मी म्हणणार नाही. ते हक्काचं होतं. लाड नव्हते, पण जागा होती.

मेंढी लोकर देते, लोकर माणसाला कोरडं ठेवते, माणूस मेंढीला पावसापासून दूर नेतो, कुत्रं मेंढीला लांडग्यापासून राखतं, माणूस कुत्र्याला भाकरी देतो. यात कोणीही दुसऱ्याला ऊब ‘देत’ नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचं काहीतरी राखलेलं आहे, एवढंच. ही साखळी आता जागोजाग तुटली आहे. जाड्या दख्खनी लोकरीला भाव उरलेला नाही, कित्येकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही, त्यामुळे लोकर रानात टाकून दिली जाते. घोंगडीची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली. देहूहून पालखी निघते तेव्हा वारकऱ्यांच्या डोक्यावरही आता तोच कागद असतो. तो हलका आहे, पाणी पूर्ण अडवतो, घडी करून पिशवीत जातो. पायी चालणाऱ्याने तोच घ्यावा.

कुत्रं आणि लोकर यांचं नातं याहूनही जवळचं असू शकतं. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे सेलिश लोक लोकरीसाठीच कुत्री पाळत. पांढरी, दाट केसांची एक जात. गावातल्या इतर कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून ती बेटांवर किंवा कुंपणात वेगळी ठेवत, मासे खाऊ घालत आणि मेंढीसारखी कातरत. त्या केसांची ब्लँकेटं म्हणजे प्रतिष्ठा. १८५९ साली मेलेल्या ‘मटन’ नावाच्या अशा एका कुत्र्याचं कातडं अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विलायती स्वस्त ब्लँकेटं आली आणि ही कुत्री संपली, असं पूर्वी मानत. त्या अभ्यासात सेलिश वडीलधाऱ्यांच्या आठवणीही विचारात घेतल्या गेल्या आणि चित्र बदललं. रोगांच्या साथी, वसाहतवाल्यांची जबरदस्ती, बायकांच्या विणकामावर आणि रीतिभातींवर आलेली बंधनं, असं बरंच काही त्यामागे होतं. वस्तू स्वस्त झाली म्हणून एखादी जगण्याची रीत आपोआप संपत नाही. ती बहुधा कोणीतरी संपवलेली असते.

आपल्या मध्यमवर्गीय घरातलं दोन सुयांवरचं विणकाम मात्र या जुन्या साखळीतलं नाही. ते मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांमधून, शिवणवर्गांतून, मग बायकांच्या मासिकांतल्या नमुन्यांमधून आलं. मराठी घरात त्याने जागा मिळवली ती बाळंतविड्याच्या निमित्ताने. टोपडं, झबलं, मोजे, दुपटं. तळहाताएवढ्या वस्तू, आणि ज्याच्यासाठी त्या विणायच्या ते माणूस अजून जन्माला यायचं असतं. नव्या बाळाला खरंच उबेची गरज असते, त्यामुळे इथे विणकाम आणि गरज यांची गाठ पक्की होती. दुसरी मोठी लाट १९६२ सालच्या चीन युद्धाची. हिमालयात लढणाऱ्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नाहीत हे कळल्यावर देशभर बायका स्वेटर आणि मोजे विणायला बसल्या, पुण्या-मुंबईच्या बायकाही. ज्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता त्या बर्फासाठी विणत होत्या.

अशा विणकामाबद्दल मनात आदर असूनही एक शंका राहतेच. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप बेटाजवळ २००१ साली समुद्रात तेल सांडलं आणि छोटे पेंग्विन तेलाने माखले. चोचीने पिसं साफ करताना ते तेल पोटात जाऊ नये म्हणून धुण्याआधी त्यांना लोकरीचे स्वेटर घालायची युक्ती वापरली गेली. जगभरातून लोकांनी स्वेटर विणून पाठवले, अजूनही पाठवतात, इतके की बहुतेक आता खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून निधीसाठी विकले जातात. मला ही गोष्ट आवडते आणि खुपतेही. हातांना काहीतरी करायचं असतं. समुद्रातलं तेल थांबवणं आपल्या हातात नाही, स्वेटर आहे. मग गरजेच्या कितीतरी पट स्वेटर तयार होतात आणि तेलवाहू जहाजं आपल्या वाटेने जात राहतात. विणकाम ही माया करण्याची सगळ्यात सोयीची रीत आहे. घरात बसून करता येते, दाखवता येते आणि ज्याच्यासाठी केली त्याला विचारावं लागत नाही.

हातकामाचं कौतुक तळवड्यात बसून करताना आणखी एका गोष्टीचं भान ठेवावं लागतं. १९९७ साली महापालिकेत आलेल्या या गावात एका बाजूला काचेच्या इमारती आहेत आणि दुसऱ्या बाजूला ज्योतिबानगरसारख्या भागांत पत्र्याच्या छोट्या शेडांची रांग. तिथे कित्येक बायका दिवसभर हातानेच काम करतात. वेचणं, भरणं, चिकटवणं, पॅकिंग. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यातल्या अशाच एका शेडला आग लागली. तिथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनत होत्या. तिथे काम करणाऱ्या अनेक बायका त्या आगीत आणि नंतर रुग्णालयात दगावल्या. पावसाळी दुपारी खिडकीशी बसून टाके मोजणं आणि त्या शेडमध्ये बसून मेणबत्त्या मोजणं, दोन्ही हातांचीच कामं. एकाला आपण छंद म्हणतो, त्यावर लेख लिहितो. फरक हातांत नाही. वर छप्पर कसलं आहे, दाराला कुलूप कोणाचं आहे आणि नको असेल तेव्हा उठता येतं की नाही, यात आहे. विणकामाने मन शांत होतं असं हल्ली फार ऐकू येतं. होतही असेल. पण मी म्हणेन की ज्याचं छप्पर आधीच कोरडं आहे त्याचंच मन टाक्यांनी शांत होतं.

विणकामाचा एक गुण मात्र मला खरोखर विचार करायला लावतो. ते उसवता येतं. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना अडवून धरतात, कापलं की संपलं. सुयांवरच्या विणीत बहुधा एकच लांब धागा स्वतःच्याच फासांमधून जात असतो, टोक ओढलं की सगळं पुन्हा गुंडा. मागच्या पिढीतल्या बायका लहान झालेला स्वेटर उसवून, लोकर वाफेवर सरळ करून, पुढच्या भावंडासाठी नवा विणत. म्हणजे स्वेटर ही कायमची वस्तू नव्हतीच, एका धाग्याचा काही वर्षांचा मुक्काम होता. वाडा हलवणाऱ्या धनगराला हे समजावून सांगावं लागलं नसतं. काँक्रीटमध्ये राहणाऱ्या आपल्याला मात्र एखाद्याला चार महिन्यांपुरती जागा द्यायची म्हटली की ती कायमची गेली असं वाटतं.

हा मुद्दा मी उगीच आणलेला नाही. झड लागली की आमच्या इमारतीच्या फाटकाशी गल्लीतली कुत्री गोळा होतात. काळू, लंगडी आणि आणखी दोघं, ज्यांना नावं नाहीत. त्यांचा आडोसा म्हणजे समोरच्या बांधकामावरचे पाइप किंवा उभ्या टेम्पोचं पोट. पाइपांत पाणी भरलं की ती पार्किंगमध्ये शिरतात. वॉचमनमामा आधी काठी आपटतात, मग पाऊस वाढला की दुसरीकडे बघतात. सकाळी कोणाच्या तरी गाडीच्या टायरवर ओघळ दिसतो, सीटचं रेक्झीन ओरबाडलेलं दिसतं आणि तक्रार होते.

तक्रार करणारे लोक निष्ठुर नाहीत. दुसरी शिफ्ट सुटून मध्यरात्री दुचाकीवरून येणाऱ्या मुलाच्या मागे चार कुत्री लागली आणि तो चिखलात आडवा झाला, तर त्याला धनगरांच्या साखळीबद्दल ऐकवण्यात अर्थ नसतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लहान मुलं खेळतात तिथे मोकाट कुत्री नकोत, हे म्हणणं रास्तच आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा सूर असा आहे: नसबंदी आणि लस करून कुत्रं होतं त्याच जागी सोडायचं आणि खाऊ घालायची जागा रहिवाशांनी मिळून ठरवायची, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्या-फाटकापासून दूर. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं: नसबंदी-लस झालेली कुत्री परत सोडा, फक्त पिसाळलेली आणि आक्रमक नको. ७ नोव्हेंबरला पुन्हा शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा आवारांतून ती हटवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. तीन महिन्यांत तीन दिशा. या सगळ्या कागदांत खाण्याची जागा आहे, नसबंदीची आहे, चावण्याची आहे. पाऊस नाही. मुसळधार पावसात कुत्र्याने कुठे उभं राहायचं, याचं उत्तर शेवटी एखाद्या फाटकावरच्या वॉचमनच्या मर्जीवर राहतं.

चिंगीला मी स्वेटर विणला नाही. तिला घरात कोरडी चादर आहे, ब्रूनोची पाठ आहे आणि अंग सुकलं की तिचं कुडकुडणं थांबतं. उरलेल्या लोकरीच्या चौकोनी पट्ट्या विणून त्या जोडून दोन जाड चवाळी केली, ओली झाली की पिळून टाकता येतील अशी, आणि सोसायटीच्या बैठकीत एक प्रस्ताव मांडला. पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, जिथे गाडी लागत नाही तिथे, दोन फळ्या टाकून जमिनीपासून थोडी उंच जागा करायची. पावसाळ्यापुरती. लस आणि नसबंदी झालेल्या कुत्र्यांनाच. साफसफाई आम्ही तिघी करू. आमच्याकडचं हे घोंगडं बरीच वर्षं भिजत पडलं होतं, त्यामुळे निदान चर्चा तरी झाली. टायरवाले काका म्हणाले, रोज हात कोण धुणार. एक ताई म्हणाल्या, माझ्या सुनेला भीती वाटते. दोन्ही गोष्टी इतिवृत्तात आल्या. मग सेक्रेटरी चष्मा काढून म्हणाले, “वहिनी, तुमचं सगळं मान्य. पण एकदा जागा दिली की गेली. दिवाळीला त्यांना उठा म्हणून कोण सांगणार?”

मी त्यांना सांगितलं की सांगावं लागत नाही. ऑक्टोबरचं ऊन तापलं की ती स्वतःच उठून समोरच्या वाळूच्या ढिगावर जातात, दर वर्षी जातात, तुमच्याच खिडकीतून दिसतात. ते म्हणाले, हे लेखी देता का? मी दिलं. प्रस्ताव पुढच्या बैठकीवर गेला आहे. फळ्या मात्र वॉचमनमामांनी तेवढ्यात टाकूनही दिल्या, तात्पुरत्या.